१७७० च्या सुमाराचा अमेरिकन सरहद्दीवरचा पोशाख करायचा तर पायात काय घालावं? दुकानातले मोजे चालतील का?

तुम्ही लिहिलंय की इंडियानात राहता, येत्या ऑक्टोबरात लाफायेटजवळच्या ‘फीस्ट ऑफ द हंटर्स मून’ या जुना काळ उभा करणाऱ्या जत्रेत एका गटाबरोबर १७७० च्या सुमाराचा सरहद्दीवरचा (गोऱ्यांच्या वस्तीच्या टोकावरचा) माणूस म्हणून उभे राहणार आहात. सदरा आणि गुडघ्यापर्यंतची विजार शिवून झाली. आता पायांचं अडलंय, आणि फुटबॉलचे लांब पांढरे मोजे खपून जातील का, असं विचारताय.

ते नाही चालणार. पैसे हात राखून खर्च करायचे असतील तर मी म्हणेन, बुटांच्याही आधी मोज्यांवर करा. विजार गुडघ्याशी संपते, तिथून घोट्यापर्यंत दिसतात ते फक्त मोजे. नायलॉनची चकाकी आणि वरची इलॅस्टिकची जाड पट्टी लांबूनही लपत नाही. नायलॉनचे स्टॉकिंग बाजारात आले १९४० मध्ये. शिवाय दिवसभर तुम्ही उघड्या चुलाणाशेजारी वावरणार. ठिणगी पडली तर लोकर जळकट वास देऊन विझते; नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. फक्त याच एका कारणासाठी मी नवख्या माणसाला कृत्रिम धाग्याचे मोजे घालू देत नाही.

हवेत ते लोकरीचे मोजे, गुडघ्याच्या वर तीन-चार बोटं जाणारे. त्या काळी लिननचे, सुती आणि ऐपतदारांकडे रेशमीही असत, पण ऑक्टोबरातल्या वॉबॅश नदीकाठच्या ओल्या गवताला लोकरच बरी, कारण ती भिजली तरी ऊब धरते. रंग निळा (निळीचा), करडा, तपकिरी किंवा मळकट पांढरा घ्या. भडक जांभळा, गुलाबी टाळा. ते कृत्रिम रंग १८५६ नंतरचे.

मोजे हाताने विणलेले असावेतच, असं नाही. विणण्याचं यंत्र इंग्लंडमध्ये १५८९ मध्येच झालं होतं आणि १८व्या शतकात यंत्रावरचे मोजे सर्रास विकत मिळत. यंत्रावर सपाट तुकडा निघे, तो मागून शिवत. म्हणून पोटरीच्या मागे उभी शिवण दिसते. घरी कुणी विणणारं असेल तर पाच सुयांवर वरून सुरुवात करा आणि मागच्या मधोमध उलट टाक्याची एकच उभी ओळ पार टाचेपर्यंत सोडा. हातविणीत शिवणीचा भास तेव्हाही असाच आणत. पोटरी उतरते तिथे या ओळीच्या दोन्ही अंगांना टाके कमी करत जायचं, म्हणजे मोजा पायाचा आकार घेतो. काठाला हवी तर थोडी रिब (सुलट-उलट टाक्यांची ताणणारी वीण) चालेल, आजच्या मोज्यासारखी पाऊल ते गुडघा रिब नको.

इलॅस्टिक नाही, मग मोजा वर राहतो कसा? बांधून. इंचभर रुंदीची विणलेली लोकरी पट्टी घ्या, अडीच हात लांब. गुडघ्याखाली, पोटरी भरते त्याच्या वर जी खोलगट जागा आहे, तिथे दोन वेढे द्या आणि गाठ बाहेरच्या बाजूला मारा. लोकरीवर लोकर धरते, म्हणून सुती नाडी वापरू नका, ती घसरते. विजारीचा गुडघ्याशी येणारा पट्टा त्यावर येऊ द्या. पायाला मुंग्या आल्या तर गाठ घट्ट झालीय, सैल करा. नीट जागा सापडली की फार आवळावं लागत नाही.

आता बूट. त्या काळच्या बुटात डावा-उजवा नसे. दोन्ही एकाच सरळ साच्यावर बनत, आणि १८०० नंतर हळूहळू वेगळे साचे परत रूढ झाले. नवी जोडी विचित्र वाटते, मग चामडं पायाचं वळण घेतं. चामडं झाडाच्या सालीने कमावलेलं हवं, आपल्या कोल्हापुरीसारखं. नवं असताना ते लागतं आणि तेल पाजून वापरलं की मऊ होतं. क्रोमने कमावण्याचा धंदा १८८० च्या दशकातला आहे. आकार साधा: घोट्याखाली संपणारा, गोल पुढा, बुटकी टाच, वरून एकमेकांवर येणाऱ्या दोन पट्ट्या आणि त्यांना पितळी किंवा लोखंडी बक्कल. बक्कल नसेल तर नाडीने बांधा, तेही बरोबर आहे. नाडीच्या भोकांना धातूच्या कड्या नकोत, त्या १९व्या शतकातल्या. काउबॉय बूट तर अमेरिकन यादवी युद्धानंतरचे, ते घरीच ठेवा. तळ चामड्याचा असतो, ओल्या गवतावर घसरतो, म्हणून तळाला थोडे खिळे ठोकून घ्या, तेव्हाही ठोकत. आतून आजचा मऊ तळवा घातला तर माझी काही हरकत नाही, तो कुणाला दिसत नाही आणि गुडघे वाचतात.

मोकासिनचं, म्हणजे मूळ अमेरिकन लोकांच्या मऊ चामडी जोड्यांचं, मात्र नीट विचार करून ठरवा. पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिम सरहद्दीवर वाढलेल्या जोसेफ डॉड्रिजने १८२४ मध्ये आपल्या लहानपणच्या आठवणी छापल्या. तो सांगतो की मोकासिन हरणाच्या चामड्याच्या एकाच तुकड्याचे असत, पायावर मधोमध चुण्यांची शिवण, टाचेला दुसरी. थंडीत आत हरणाचे केस किंवा वाळकी पानं कोंबत. आणि पावसात मोकासिन घालणं म्हणजे सभ्यपणे अनवाणी चालणं, असं लोक म्हणत, हेही त्यानेच लिहिलंय. यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मऊ चामडं पाणी पितं, पाऊल दिवसभर थंड ओलीत राहतं आणि झिजही फार. अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला गेलेली लुईस आणि क्लार्कची तुकडी १८०६ च्या मार्चमध्ये पॅसिफिक किनाऱ्याजवळच्या फोर्ट क्लॅटसॉपहून परतीला निघण्याआधी सार्जंट पॅट्रिक गॅसने मोकासिन मोजले. तेहतीस जणांच्या तुकडीकडे ३३८ जोड होते, बहुतेक एल्क या मोठ्या हरणाच्या कातड्याचे, हिवाळाभर बसून शिवलेले.

घालायचेच असतील तर मधल्या शिवणीचे, मऊ तळाचे घ्या. रबरी तळाचे आणि झालरींचे दुकानी मोकासिन नकोत, कडक तळाचे पश्चिमेच्या मैदानी प्रदेशातलेही नकोत, ते वॉबॅशकाठचे नव्हेत. मण्यांची नक्षी एखाद्या विशिष्ट जमातीची असते. मियामी, वेया, शॉनी या जमातींचे लोक आजही आहेत. त्यांची नक्षी पोशाखाची सजावट म्हणून वापरू नका, साधे मोकासिनच घ्या. धुरावलेलं हरणाचं चामडं मिळालं तर ते भिजून वाळलं तरी मऊ राहतं, बिनधुराचं कडक होतं. आत मोज्याऐवजी लोकरी कांबळ्याचा चौकोनी तुकडा पावलाभोवती गुंडाळायची रीत होती, आणि ओल्या दिवसांत तो मोज्यापेक्षा सोयीचा, कारण पिळून दुसऱ्या बाजूने परत गुंडाळता येतो.

तुमचा गट लाफायेटजवळच्या फोर्ट वियाटनॉनचा फ्रेंच व्यापारी गट असेल (ते ठाणं १७१७ मध्ये फ्रेंचांनी वसवलं) तर बैलाच्या कातड्याचे मोकासिनसारखे फ्रेंच-कॅनडियन जोडेही शोभतील, आणि वर मांडीपर्यंतचे, पाऊल नसलेले लोकरी लेगिंग, ज्यांना फ्रेंच मितास म्हणत. ते मोज्यांवरून घालतात आणि गुडघ्याखाली तशाच पट्टीने बांधतात. काट्याकुट्यात त्यांच्यासारखं दुसरं काही नाही.

बायको बरोबर येणार असेल तर तिचे मोजे-पट्टी-बूट हेच. झगा घोट्याशी संपतो, म्हणून तिचेही मोजे दिसतात.

एक दिवस आधी बूट घालून अंगणात तासभर चाला. जत्रेला जाताना कोरड्या मोज्यांचा दुसरा जोड पिशवीत असू द्या, आणि ओले बूट आगीजवळ वाळत घालू नका, चामडं तडकतं. आत वाळलेलं गवत कोंबून सावलीत ठेवा.