पूर्णा जंक्शनला वाफेच्या इंजिनांचं एवढं मोठं शेड का होतं आणि ते बंद कधी झालं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "एवढ्याशा गावात असं काय होतं?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो. माझे अण्णा परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेच्या शेडला फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे.

आधी 'का' ते सांगून टाकतो. निजामाच्या काळात सिकंदराबाद ते मनमाड ही हैदराबाद-गोदावरी व्हॅलीची लाईन 1899 ते 1901 दरम्यान सुरू झाली. मीटर गेज, म्हणजे रुळांत एक मीटर अंतर असलेली छोटी लाईन, लांबी सुमारे 630 किलोमीटर. नकाशावर बोट ठेवून बघा, पूर्णा जवळपास मधोमध येते. वाफेचं इंजिन काही एका दमात तेवढं पळत नाही. भट्टीच्या जाळीवर राखेचा खंगर धरतो, पाणी भरावं लागतं, कोळसा भरावा लागतो, माणसं बदलावी लागतात. पुढं 1912 ला हिंगोलीचा फाटा निघाला आणि जंक्शन झालं. 1960 च्या सुमारास हिंगोलीपासून अकोला-खंडव्यापर्यंत रूळ जोडले गेले, तेव्हा दक्षिणेची छोटी लाईन थेट राजस्थानच्या छोट्या लाईनीला मिळाली. जयपूरची मीनाक्षी एक्सप्रेस पूर्णेवरून जायला लागली ती त्यामुळं. आता सांगा, शेड तिथं नाही तर कुठं टाकायचं? जिंतूरला, जिथं रूळच नाहीत?

आमच्या घरात मात्र या शेडला किंमत नव्हती. अण्णांचे थोरले भाऊ, आमचे तात्या, शाळामास्तर. सुट्टीत आले की ओसरीवर बसून एकच पालुपद, "भट्टीत कोळसा लोटायला काय डोकं लागतंय? बैलबी करील." अण्णा उत्तर द्यायचे नाहीत. रात्री दोनला कॉलबॉय, म्हणजे ड्युटीला बोलवायला येणारा रेल्वेचा माणूस, दारात येऊन कडी वाजवायचा, अण्णा कंदिलाच्या उजेडात त्याच्या वहीत सही करायचे, डबा घ्यायचे आणि निघायचे. तात्या कूस बदलून म्हणायचे, "झोपंचं खोबरं."

एका दिवाळीत अण्णांचा बांध फुटला. "दादा, उद्या सकाळी चला माझ्यासंगं. तुम्हीच टाका." मी नऊ-दहा वर्षांचा, मलाही नेलं. वायपी, म्हणजे छोट्या लाईनीचं पॅसेंजर गाडीचं इंजिन, शेडबाहेर वाफ धरून उभं होतं. तात्या पांढऱ्याशुभ्र धोतरात, कासोटा आवळून वर चढले. अण्णांनी वाफेच्या दाबाचा काटा दाखवला. वायपीचं पूर्ण प्रेशर चौरस इंचाला 210 पौंड, तेव्हा काटा त्याच्या बराच खाली होता. "एवढा वर आणा म्हणजे झालं."

तात्यांनी बेलचा, म्हणजे कोळशाचं फावडं, गच्च भरला. पहिला घाव भट्टीच्या तोंडाच्या कडेला बसला आणि अर्धा कोळसा त्यांच्याच पायावर. दुसरा आत गेला तो दाराशीच ढीग होऊन पडला. दार उघडंच, गार हवा आत, तोंडावर धग. आठ-दहा बेलचे झाले. धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघायला लागला आणि काटा वर जायचा सोडून खाली यायला लागला. शेजारच्या इंजिनावरचा खलाशी तोंडात गमछा कोंबून हसत होता.

मग अण्णांनी सळई घेतली. ढीग फोडून मागच्या कोपऱ्यांत सारला, ब्लोअर, म्हणजे आगीला ओढ देणारा वाफेचा झोत, थोडा उघडला आणि अर्धा-अर्धा बेलचा, एक उजवीकडं, एक डावीकडं, पातळ शिंपडल्यासारखा टाकत गेले. प्रत्येक बेलच्यामागं दार बंद. तोंडानं एकच सांगितलं, "दादा, आत नका बघू, धुराड्याकडं बघा." काळा धूर म्हणजे कोळसा न जळता वर चाललाय. धूरच नाही म्हणजे आगीत भोक पडून गार हवा चाललीय. फिक्का करडा धूर पाहिजे. पंधरा-वीस मिनिटांत काटा हलला.

आणि हे उभ्या इंजिनावर. गाडी चालू असताना पायाखाली फळी हलते, एका ड्युटीत दोन टनांच्या वर कोळसा हातानं जातो. आत्ता टाकलेल्या कोळशाची वाफ काही मिनिटांनी मिळते, म्हणजे चढ यायच्या आधी आग तयार पाहिजे, म्हणजे सगळा रस्ता रात्रीच्या अंधारात पाठ पाहिजे. बॉयलरमध्ये गार पाणी सोडलं की काटा पडतो, म्हणून ते कुठं सोडायचं हेही ठरलेलं. पाणी कमी पडलं तर भट्टीच्या छतातला शिशाचा प्लग वितळतो, वाफ आगीवर येते आणि फायरमनची आयुष्यभराची अब्रू जाते. कोळसा बहुतेक तेलंगणातल्या सिंगरेणी खाणींचा, राख भरपूर. पाणी आपल्या काळ्या दगडातलं, घरच्या बंबात पांढरा थर धरतं तसाच बॉयलरच्या नळ्यांत धरणार. म्हणून शेडात ठराविक दिवसांनी बॉयलर विझवून, गार करून धुवायचे. शेडचं निम्मं काम हेच असतं. लोकांना फक्त शिट्टी आठवते.

बंद कधी झालं म्हणाल तर वाफेचं शेड एका तारखेला बंद होत नसतं. आधी मेल गाड्यांना डिझेल लागलं. वाफेकडं पॅसेंजर, मालगाडी, मग नुसतं शंटिंग उरलं. वायजी जातीची, म्हणजे छोट्या लाईनीची मालगाडीची, शेवटची इंजिनं 1972 ला बनली. त्यानंतर मुख्य लाईनींसाठी वाफेचं नवं इंजिन बनलंच नाही, जुनी ओढत राहिले. मनमाड-औरंगाबाद मोठी लाईन (ब्रॉड गेज) 1992 ला झाली, रुंदीकरण तिथून पुढं इकडं सरकलं आणि मीटर गेजच्या शेडला काम उरलं नाही. पूर्णा-अकोला छोटी लाईन 2008 च्या सुमारापर्यंत टिकली, पण तिच्यावर शेवटी डिझेलच.

पूर्णेला जाणार असाल तर भिंतींचे फोटो काढत बसू नका. रेल्वे कॉलनीत एखादा म्हातारा फायरमन गाठा, चहा पाजा आणि बेलचा कसा धरायचा ते विचारा. मराठी, उर्दू, तेलुगू सगळं मिसळून सांगेल. 'वाफेचे ते सोनेरी दिवस' म्हणणाऱ्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. अण्णांच्या नडग्यांवर भाजल्याचे डाग होते, शेवटची वर्षं खोकला होता, मला ती इंजिनं परत नकोत. शिवाय वडील माझे, तेव्हा माझा कौल कुणीकडं झुकणार हे धरूनच वाचा.

तात्यांनी त्या दिवशीही मान्य केलं नाही. खाली उतरून म्हणाले, "अंगमेहनत हाय, डोकं कुठंय?" परवा एका लग्नात त्यांच्या मुलानं पंगतीत तेच वाक्य पुन्हा टाकलं, म्हणून हे एवढं लांबलं. तो हे वाचेलच. त्यानं आपल्या आईला एकदा विचारावं, तात्यांच्या त्या दिवाळीच्या धोतराला गुडघ्यापाशी जळून भोक कसं पडलं होतं. काकूंनी ते पुढं दोन वर्षं भोकासकट वाळत घातलेलं मी पाहिलंय.