ब्रेक लावताना मेट्रो वीज तयार करते, मग ती सगळी परत का वापरता येत नाही?

कारण ती वीज त्याच क्षणी घेणारं कुणीतरी लागतं. तयार करण्यात फारशी अडचण नाही. इन्व्हर्टरने (डीसीची एसी करून मोटरला देणाऱ्या यंत्रणेने) फ्रिक्वेन्सी उतरवली की गाडी ओढणारी तीच ट्रॅक्शन मोटर जनरेटर होते.

आकडे बघा. २०० टनांची गाडी ताशी ७२ किमीवरून २० सेकंदांत थांबते. ऊर्जा ४० मेगाज्यूल, म्हणजे जेमतेम ११ युनिट. पण ब्रेक लागताच चाकांवर ४ मेगावॉट येतात. ७५० व्होल्टच्या मार्गावर तोटा वजा जाताही जवळपास चार हजार अँपिअर तिसऱ्या रुळात, म्हणजे गाडीला वीज देणाऱ्या रुळात, ढकलावे लागतात.

सबस्टेशनमधले डायोड रेक्टिफायर (ग्रिडच्या एसीची डीसी करणारी यंत्रणा) एकाच दिशेने वीज सोडतात, त्यामुळे ग्रिडकडे परतीची वाट बंद. जवळ वेग घेणारी गाडी नसली की व्होल्टेज चढतं. ईएन ५०१६३ या रेल्वे व्होल्टेजच्या युरोपीय मानकाप्रमाणे कायमची कमाल मर्यादा ९०० व्होल्ट. तिच्या आसपास गाडी स्वतःच परतीचा करंट कमी करते आणि उरलेली वीज चॉपरमार्फत (वेगाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचमार्फत) ब्रेक रेझिस्टरमध्ये जाळते, किंवा हवेचे ब्रेक भार उचलतात. बोगद्यात ही उष्णता बाहेर काढायला पुन्हा वीज लागते, ते वेगळंच.

हमखास दुर्लक्षित होणारी गोष्ट म्हणजे सबस्टेशनचं बिनभाराचं व्होल्टेज, म्हणजे कुणीही वीज घेत नसतानाचं. समजा ते ८५० आहे, तर ९०० पर्यंत फक्त ५० व्होल्ट मोकळे. वीज नेणारा तिसरा रूळ आणि ती परत आणणारे चाकांखालचे रूळ यांचा मिळून रोध किलोमीटरला २० मिलिओहम धरला, तर २००० अँपिअरला दर किलोमीटरमागे ४० व्होल्ट पडतात. सव्वा किलोमीटरपलीकडच्या गाडीला मग सबस्टेशनच वीज पुरवू लागतं. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (गुंडाळीवरची जोडणीची जागा) बदलून हे व्होल्टेज उतरवता येतं. मात्र गर्दीच्या वेळी लांबच्या टोकाला व्होल्टेज किती पडतं ते आधी तपासा.

माझ्या मते पैसे खर्च करण्याआधी टॅप आणि वेळापत्रक बघावं. एक गाडी थांबताना शेजारची सुटेल असं बसवलं तर गर्दीच्या वेळी बरीच वीज तिथेच खपते. रात्री गाड्या विरळ झाल्या की ते जमत नाही. तेव्हा सबस्टेशनला इन्व्हर्टर जोडून वीज ग्रिडकडे पाठवावी. तो सुरू होण्याचं व्होल्टेज रेक्टिफायरच्या बिनभार व्होल्टेजच्या वर ठेवा, नाहीतर दोघांमध्येच करंट फिरत राहतो. साठवणच हवी असेल तर सुपरकपॅसिटर बरा: इथे युनिट थोडी पण मेगावॉट मोठे, आणि एवढा झटका सोसायला बॅटरी विनाकारण मोठी घ्यावी लागते.

२५ किलोव्होल्ट एसीवर ट्रान्सफॉर्मरमधून वीज सहज मागे जाते. फक्त न्यूट्रल सेक्शन (दोन पुरवठ्यांमधला वीज नसलेला तुकडा) ओलांडताना पुरवठा तुटतो, तेवढा वेळ ती परत देता येत नाही.

खरेदीपूर्वी गाडीवर तीन गोष्टी नोंदवून घ्या: लाइन व्होल्टेज, परतीचा करंट आणि रेझिस्टरमधला करंट. रेझिस्टरमध्ये किती, कुठे आणि कोणत्या वेळी जळतं ते कळलं की इन्व्हर्टर कोणत्या सबस्टेशनला बसवायचा हे ठरवता येतं.