वाचकांचे प्रश्न : गाडीच्या रंगावरची जाळी, टवके आणि डाग

रंगाविषयी आलेल्या पत्रांत ‘कुठलं पॉलिश घेऊ?’ हा प्रश्न सगळ्यात जास्त होता. बाटलीवरच्या नावाने फारसा फरक पडत नाही. ओरखडा रंगाच्या कोणत्या थरात आहे हे आधी कळलं पाहिजे, म्हणून बहुतेक उत्तरांची सुरुवात तिथूनच केली आहे.

प्रश्न : गाडी काळी आहे. सावलीत झकास दिसते, पण उन्हात बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. फडका गोल फिरवल्यामुळे हे झालं का? घरच्या घरी जातील का?

हे ओरखडे बहुधा गोल नसतातच. असतात सरळ, पण वाटेल त्या दिशांनी गेलेले. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती त्यांतले जे आडवे येतात तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ दिसतं. रात्री मोबाइलची बॅटरी बोनेटवर धरून हलवून पाहा, वर्तुळ बॅटरीबरोबर सरकत जाईल. त्यामुळे ‘गोल पुसू नका, सरळ पुसा’ हा सल्ला अर्धाच खरा. फडक्याखाली धुळीचा कण असेल तर सरळ हातानेही चरा उठणारच.

पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. जाळी असते ती या वरच्या थरात. पॉलिश केल्याने ओरखडा भरून निघत नाही, त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो. ही गंगाजळी एकदाच मिळते आणि प्रत्येक पॉलिशला थोडी खर्च होते. म्हणून नख अडकेल इतका खोल चरा पूर्ण काढायच्या भरीस पडू नका. त्याच्या कडा बोथट केल्या तरी तो निम्मा दिसेनासा होतो.

घरी करता येतं, आणि त्यासाठी ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्यावा. यात पॅड स्वतःभोवती फिरतं आणि शिवाय डोलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही आणि नवशिक्याच्या हातून रंग जळण्याची भीती पुष्कळ कमी होते. आधी गाडी नीट धुवा. मग लोहकणांवरचं द्रावण मारा (जिथे ब्रेकचे कण रुतले असतील तिथे ते जांभळं होतं) आणि डांबराचे ठिपके काढा. धुतलेल्या बोनेटवर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून फिरवला आणि खरखर लागली, तर भरपूर शाम्पूच्या पाण्यावर क्ले बार (रुतलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा) फिरवावा लागेल. क्ले जमिनीवर पडला तर टाकून द्या, धुऊन वापरू नका.

यानंतर लगेच अख्खं बोनेट हाती घ्यायचं नाही. चिकटपट्टीने ४५ सेंटिमीटरचा एक चौकोन आखा आणि सगळ्यात सौम्य जोडीने, म्हणजे मऊ फोमचं पॅड आणि बारीक पॉलिशने, सुरुवात करा. जाळी तशीच राहिली तर मधलं पॅड, तरीही राहिली तर कंपाउंड, म्हणजे जास्त कापणारं भरड पॉलिश. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात आणि जे काम दोन मायक्रॉनमध्ये झालं असतं त्यासाठी पाच घालवतात.

नव्या पॅडच्या पूर्ण तोंडाला पॉलिश बोटाने चोळून घ्या. पुढच्या प्रत्येक चौकोनाला मटाराएवढे तीन-चार थेंब पुरतात. मशीन पॅनेलवर टेकवूनच सुरू करायचं, नाहीतर पॉलिशचे शिंतोडे काचेपर्यंत उडतात. पहिल्या वेगावर पॉलिश पसरा, मग चौथ्या-पाचव्यावर न्या. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे कंटाळा येईल इतका सावकाश. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. एकदा आडवे आणि एकदा उभे पट्टे मिळून एक फेरी, अशा दोन-तीन फेऱ्या. पॅनेल सावलीत आणि हाताला थंड लागणारं हवं. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश सुकून पांढरी पावडर होते, आणि ती कापत नाही, ओरबाडते.

दाब किती, हे आकड्यात सांगून उपयोग नाही. पॅडच्या मागच्या चकतीच्या कडेवर मार्करने एक आडवी रेघ मारा आणि काम करताना तिच्याकडे लक्ष ठेवा. रेघ गोल फिरताना दिसते तोवर पॅड कापतंय. ती जागच्या जागी नुसती थरथरू लागली, की दाब जास्त झाला किंवा मशीन तिरकं झालं. दाराच्या वळणावर हे हमखास होतं. अशा वेळी वेग वाढवायचा मोह होतो, तो टाळा. पॅड सपाट करा आणि हात हलका करा, रेघ पुन्हा फिरू लागेल.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडा. खरवडलेला क्लिअर कोट आणि सुकलेलं पॉलिश यांच्या गुठळ्या पॅडमध्ये राहिल्या तर त्याच नवे ओरखडे उठवतात. एका गाडीला निदान चार-पाच पॅड लागतात, एकाच पॅडवर अख्खी गाडी उरकू नये. दारांच्या कडा आणि बोनेटवरच्या उठावदार रेषा चिकटपट्टीने झाका. ओला रंग धारेवरून मागे सरकतो, म्हणून तिथे थर मुळातच पातळ असतो आणि रंग उघडा पडतो तो तिथूनच.

चौकोन पुसल्यावर चकचकीत दिसला म्हणून खूश होऊ नका. पॉलिशमधलं तेल ओरखड्यात बसून ते लपवतं. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सहा भाग पाणी या मिश्रणाने पुसा आणि मग बॅटरी लावून पाहा. तेव्हा दिसेल तो खरा निकाल.

धुण्याची पद्धत बदलली नाही, तर जाळी काही महिन्यांत परत येते. कोरड्या गाडीवर झटकणी किंवा फडका बंद करा. आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा मारा. मग दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा खंगाळायची, दोन्हींच्या तळाशी भोकांची चकती, म्हणजे बसलेली माती पुन्हा मोज्याला लागत नाही. छतापासून खाली यायचं, चाकांसाठी मोजा वेगळा. वाळवताना जाड मायक्रोफायबर टॉवेल अंथरून ओढा किंवा टिपून घ्या, चोळू नका.

प्रश्न : बाहेर बफिंग करून घेतलं. गाडी मिळाली तेव्हा आरसा होती. दोन वेळा धुतल्यावर उन्हात लांबट, सरकत्या सावल्यांसारखे पट्टे दिसू लागले आणि जुने ओरखडेही परत आले. रंग बिघडला का?

बहुधा नाही. रोटरी मशीनवर (यात पॅड नुसतं गोल फिरतं, डोलत नाही) लोकरी पॅड लावून भराभर काम केलं आणि नंतरचा बारीक हात मारलाच नाही, की हे पट्टे उरतात. त्यांना होलोग्राम म्हणतात. गाडी ताब्यात देताना वरून ग्लेझ (ओरखडे तात्पुरते भरून लपवणारं द्रावण) किंवा मेण लावलं, की दोन्ही दोष झाकतात आणि शाम्पूने ते धुतलं गेलं की उघडे पडतात. मऊ फोम आणि बारीक पॉलिश घेऊन ड्युअल ॲक्शन मशीनने फेरी मारली तर होलोग्राम जातात. पण आधी रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने पत्र्याच्या प्रत्येक भागावर पाच-सहा ठिकाणी मोजून घ्या. आकडा ८० मायक्रॉनच्या आसपास किंवा खाली असेल तर पुन्हा कंपाउंड नको, आणि आकडा २०० च्या वर गेला तर तो भाग बहुधा पूर्वी रंगवलेला आहे. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं यंत्र चालत नाही. पुढच्या वेळी गाडी ताब्यात घ्याल तेव्हा अल्कोहोलच्या पुसणीनंतर उन्हात पाहूनच घ्या.

प्रश्न : बोनेटच्या पुढच्या कडेला खडी लागून टवके उडाले आहेत. दोन ठिकाणी तांबूस ठिपका दिसतो. टचअपची बाटली आणली, पण जिथे लावलं तिथे फुगीर डाग दिसतो.

फुगीर डाग दिसतो, कारण बाटलीच्या झाकणाला येतो तो ब्रश टवक्यापेक्षा मोठा असतो. तो बाजूला ठेवा. दातकोरणं किंवा अगदी बारीक चित्रकलेचा ब्रश घ्या.

आधी तांबूस ठिपक्यांचा बंदोबस्त करू. गंजावर रंग लावला तर गंज आत पसरत राहतो आणि वर्षभरात रंगाचा फोड येतो. टवक्याच्या कडेचे सुटे पापुद्रे दातकोरण्याने उचकटून काढा, काचतंतूच्या पेनने खड्ड्यातला गंज खरवडून पत्रा पांढरा करा आणि अल्कोहोलने पुसा. खरवडूनही खोल काळे ठिपके उरले तर गंजरूपांतरक द्रावणाचा एक थेंब, बाटलीवर लिहिलेला वेळ. उघड्या पत्र्यावर प्रायमर हवाच, तोही खड्ड्याच्या आतच राहील इतका.

रंगाचा कोड दाराच्या चौकटीवरच्या किंवा बोनेटखालच्या पट्टीवर सापडतो. तरी आधी पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावून, सुकल्यावर, गाडीशेजारी धरून पाहा. बाटली दोन मिनिटं हलवा, मेटॅलिक रंगाची चमक तळाशी बसलेली असते. दातकोरण्याच्या टोकावर थेंब घेऊन खड्ड्याच्या मधोमध टेकवा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. सुकताना रंग आकसतो, म्हणून एकदम भरायचं नाही. तासातासाच्या अंतराने दोन ते चार पातळ हात द्या आणि रंग पृष्ठभागाच्या किंचित खालीच थांबवा. उरलेली जागा क्लिअर कोटची. तो मात्र जरासा वर, टेकडीसारखा राहू द्या.

आता आठवडाभर हात लावू नका. मग छोट्या कडक ठोकळ्यावर २००० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळा, शाम्पूच्या पाण्याने भिजवा आणि फक्त टेकडीचा माथा घासा. पाच-सहा फटके मारले की पुसून बघा. मध्ये मॅट दिसणारा ठिपका मोठा होत होत टवक्याच्या कडेला टेकला की थांबा, त्यापुढचा प्रत्येक फटका शेजारच्या चांगल्या क्लिअर कोटवर पडतो. मग ३००० नंबर, कंपाउंड आणि बारीक पॉलिश. तुमच्या आताच्या फुगीर डागांवरही हाच ठोकळा चालेल, ते पूर्ण सुकलेले असतील तर. दोन पावलांवरून टवका दिसणार नाही, नाक लावून पाहिलं तर दिसेल. मेटॅलिक रंग ब्रशने लावला की किंचित गडद वाटतोच, कारण फवाऱ्यात त्याचे कण जसे पसरतात तसे ते इथे बसत नाहीत.

प्रश्न : टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणतात. खरं का?

टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, त्यामुळे हलका ओरखडा कमी होऊ शकतो. पण ते कण दातांसाठी बेतलेले, रंगासाठी नव्हे. काळ्या गाडीवर ओरखड्याच्या जागी धुरकट गोल उरतो आणि तो काढायला शेवटी पॉलिशच लागतं.

प्रश्न : पाण्याचे पांढरे ठिपके आणि पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग धुऊनही जात नाहीत.

पांढरे ठिपके म्हणजे पाणी उडून मागे राहिलेले क्षार. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, भिजवलेला फडका थंड पॅनेलवर मिनिट-दोन मिनिटं ठेवा, सुकू न देता भरपूर पाण्याने धुवा. त्यानंतरही कडा दिसत असतील तर क्लिअर कोट कोरला गेला आहे, तिथे पॉलिशच. विष्ठेचंही तसंच. उन्हात तापलेला क्लिअर कोट नरम पडतो आणि डाग आत बसतो, म्हणून दिसल्याबरोबर ओला फडका ठेवून, भिजवून उचला. वाळलेली विष्ठा खरवडू नका, तिच्यात वाळूचे कणही असतात. डागाची जागा सुरकुतली किंवा तडकली असेल तर पॉलिशचा उपयोग नाही.

प्रश्न : छतावर पांढुरके चट्टे आले आहेत, कडेला पापुद्रा सुटतोय. पॉलिश करून जाईल?

नाही. उन्हाने क्लिअर कोट मेला आहे, आणि नसलेल्या थराला चमक येत नाही. घासलंत तर पापुद्रा आणखी सुटेल. नुसत्या चट्ट्यांवर क्लिअर मारला तरी जुन्या थराच्या कडेपासून तो पुन्हा उचकटतो. सुटा थर पूर्ण काढून, घट्ट भागापर्यंत घासून, रंग आणि क्लिअर अख्ख्या छतावर एकसंध मारावा लागतो. हे काम रंगाऱ्याला द्या. हार्डनर घालून वापरायच्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतात, फवारताना ते श्वासात गेलं तर दम्याचा विकार जडू शकतो. धुळीचा कापडी मास्क इथे काहीच अडवत नाही.

काम झाल्यावर दोन गोष्टी सांभाळा. बेक न करता, म्हणजे भट्टीत न तापवता, हवेवर सुकवलेला रंग असेल तर निदान ३० दिवस, जमल्यास ६० ते ९० दिवस, मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग लावू नका. आतलं द्रावक बाहेर पडायला वाट हवी, ती बंद झाली तर थर मऊ राहतो. आणि तोवर त्या भागावर अल्कोहोलची पुसणीही नको, नुसतं पाणी आणि सौम्य शाम्पू.