स्टुडिओत नोकरी न करता, स्वतःच्या मनाच्या प्रायोगिक ॲनिमेशन फिल्म करून करिअर होतं का?

होतं, पण संथ गतीने. ॲनिमेशन फिल्मकार गीतांजली राव यांचंच पाहा. मुंबईच्या जे. जे.मधून उपयोजित कला शिकल्या. भारतीय ॲनिमेशनचे जनक मानले जाणारे राम मोहन यांच्या स्टुडिओत काम केलं, पण ॲनिमेशन बरंचसं करता करताच शिकल्या. पुढे ‘प्रिंटेड रेनबो’ ही साधारण १५ मिनिटांची फिल्म त्यांनी जवळपास एकटीने रंगवली. एक एकाकी म्हातारी, तिची मांजर आणि काड्यापेट्यांवरच्या चित्रांतून उघडणारी दुनिया, एवढाच ऐवज. २००६ला कान चित्रपट महोत्सवाच्या क्रिटिक्स वीक या विभागात या फिल्मला पुरस्कार मिळाले.

आता खरी गंमत. त्यानंतर पूर्ण लांबीची ‘बॉम्बे रोझ’ पडद्यावर यायला २०१९ उजाडलं. मधल्या काळात २०१४ची ‘ट्रू लव्ह स्टोरी’ ही लघुफिल्म होती. त्याच गोष्टीचं बीज पुढे मोठ्या फिल्ममध्ये वाढलं. ‘बॉम्बे रोझ’ही फ्रेम-फ्रेम रंगवलेली, मात्र या वेळी पेपरबोट स्टुडिओतले साठेक कलाकार हाताशी होते. तिने व्हेनिस चित्रपट महोत्सवातल्या क्रिटिक्स वीकचं उद्घाटन झालं आणि २०२१मध्ये ती नेटफ्लिक्सवर आली. २०१८च्या ‘ऑक्टोबर’ या हिंदी चित्रपटातली नायिकेची आई आठवते? त्याही राव याच. नाटकातलं अंग आधीपासूनचं.

कानचा पुरस्कार मिळाला म्हणून निर्माते पैशाची थैली घेऊन दारात उभे राहत नाहीत. त्यामुळे माझं मत विचाराल तर पहिली फिल्म छोटी, एकट्याला झेपेल अशी करा आणि घरखर्चासाठी दुसरं एखादं काम हातचं सोडू नका.