भेग कुठे वळेल, हे संगणकाला कसे कळते?

प्रश्न : आमच्या धरमपेठेतील सिमेंट रस्त्यावर चौकोनी चेंबरच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली असून ती दरवर्षी लांबत आहे. अशा भेगेचा पुढचा मार्ग संगणकावर आधीच काढता येतो, असे अभियांत्रिकी शिकणारी माझी भाची म्हणते. ते कसे, आणि त्या उत्तरावर कितपत भरवसा ठेवावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भेग कोपऱ्यातून निघाली यात नवल नाही. काँक्रीट सुकताना आणि रात्री थंड होताना आकसते. त्या आकसण्याला अटकाव झाला की ताण काटकोनी कोपऱ्याशी एकवटतो. भेग पुढे केव्हा सरकते, याचा पाया ब्रिटिश अभियंते ग्रिफिथ यांनी 1921 मध्ये काचेच्या अभ्यासातून घातला : भेग वाढल्याने ताणलेल्या पदार्थातून मोकळी होणारी ऊर्जा नवे पृष्ठभाग तयार करण्याच्या खर्चाला पुरली, तरच ती वाढते.

संगणक हाच हिशेब मांडतो. त्यासाठी स्लॅबचे लहान घटकांच्या जाळीत विभाजन करतात. पूर्वी भेग घटकांच्या कडेनेच दाखवावी लागे, त्यामुळे ती सरकली की जाळी पुन्हा विणावी लागे. 1999 मध्ये अमेरिकेतील संशोधक बेलिच्को आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत ती घटकाच्या पोटातून जाऊ शकते. ‘फेज फील्ड’ पद्धतीत भेग ही रेषा न राहता अखंड ते पूर्ण तुटलेले अशी 0 ते 1 मधील संख्या दाखवणारा अरुंद पट्टा होते, आणि तिचे वळणे किंवा तिला फाटे फुटणे गणितातूनच निघते. मला ही पद्धत फार सुंदर वाटते. मात्र त्या पट्ट्याच्या रुंदीत पुरेसे बारीक घटक बसवावे लागत असल्याने गणनेचा भार बराच वाढतो.

काँक्रीटमध्ये आणखी एक गोष्ट आहे. भेगेच्या टोकाशी गिट्टी दोन्ही काठांना काही काळ धरून ठेवते, म्हणून तेथे ताण एकदम शून्य होत नाही, तर भेग रुंदावेल तसा उतरत जातो. हे वर्तन स्वीडिश अभियंते हिलरबोर्ग यांनी 1976 मध्ये गणनेत आणले.

भरवशाचे म्हणाल, तर भाचीला दोन गोष्टी विचारा : जाळी अधिक बारीक केल्यावर मार्ग तोच राहिला का, आणि भंग-ऊर्जेचा (म्हणजे भेग वाढवायला लागणाऱ्या ऊर्जेचा) आकडा खाच पाडलेल्या तुळईच्या चाचणीतून घेतला की पुस्तकातून उचलला? याशिवाय रस्त्याखाली काळी माती असेल, तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तळाची ही हालचाल धरली नसेल, तर पडद्यावरचे चित्र कितीही रेखीव असले तरी आपल्या रस्त्याला ते लागू पडणार नाही.