‘मानवी चूक’ लिहून थांबू नकोस

प्रिय,

रत्नागिरीच्या दोन किनाऱ्यांचा, लाटा अडवणारा दगडी बंधारा असलेल्या मिऱ्याचा आणि सुरूबन असलेल्या भाट्याचा, रुंदी आणि उतार मोजलेला तुझा अहवाल वाचला. मोजणी मन लावून केली आहेस. घोडं अडलंय ते मूल्यमापनात. ‘मानवी चुका झाल्या असतील, वेळ मिळाला असता तर अचूकता वाढली असती.’ हे वाक्य कुठल्याही अहवालाला चिकटतं, म्हणून खोड. कुठली चूक, आकडा किती सरकला, कुठल्या बाजूला सरकला, निष्कर्षाचं काय झालं, एवढंच लिही.

उतार घे. दोन खांब एकमेकांपासून ५ मीटरवर होते. समुद्राकडचा खांब ओल्या वाळूत मागच्यापेक्षा ५ सेंटिमीटर जास्त रुतला, तर उतार आहे त्यापेक्षा अर्ध्या अंशाहून थोडा अधिकच वाढलेला दिसतो. तुझा उतार ३ अंश, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा नुसत्या रुतण्याचा! उलट दिशेने वाचन घेऊन सरासरी काढलीस, छान. पण त्याने क्लायनोमीटरचा, म्हणजे उताराचा कोन मोजायच्या साधनाचा, दोष जातो, रुतणं जात नाही. खांबाखाली फळीचा तुकडा ठेवायचा.

आता रुंदी. मिऱ्याला पूर्ण ओहोटीला मोजलीस, भाट्याला तीन तासांनी, पाणी चढताना. ३ अंशांच्या पुळणीवर पाणी १ मीटर चढलं की रुंदी १९ मीटरने घटते. तरीही भाट्ये रुंद निघालं. म्हणजे चूक तुझ्या निष्कर्षाच्या विरुद्ध होती, निष्कर्ष उलट पक्का झाला, आणि हेच तू लिहिलं नाहीस! किती आणि कुठल्या बाजूला, हे विचारलं असतंस तर सापडलं असतं.

पण ‘बंधाऱ्यामुळे वाळू गेली, सुरूबनामुळे टिकली’ हे मात्र मान्य नाही. भाट्याशेजारी काजळी नदीचं मुख आहे, मिऱ्याची बाजू उघड्या समुद्राला. फरक एकट्या बंधाऱ्याचा कसा? शिवाय मोजणी ऑक्टोबरची. पावसाळ्यात लाटांनी ओढून नेलेली वाळू तेव्हा कुठे परतू लागते. प्रश्नावलीतली वीसही माणसं रविवारी संध्याकाळी फिरायला आलेली. बंधाऱ्यामागे ज्यांची घरं आहेत त्यांना विचारलंच नाहीस.

मी यावर अडून बसतो, कारण बंधारा हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघेही असेच आकडे उचलतात.

मे महिन्यात बंधाऱ्याची आणि बिनबंधाऱ्याची बाजू एकाच किनाऱ्यावर निवड. अष्टमीच्या आसपास जा. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं-उतरतं, वेळेचा फरक कमी छळतो. प्रत्येक आकड्यापुढे घड्याळाची वेळ लिही. आणि फळी विसरू नकोस.