जुन्या पिकअपची नवी बॅटरीही रोज उतरते, अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलू का?

लगेच नको. मल्टिमीटर लावा: बंद गाडीत बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४ हवेत. चालू असताना कमी व्होल्ट आले तर आधी अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट सैल आहे का बघा. मग हेडलाइट लावून, इंजिन चालू ठेवून, अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मोजा, ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आले तर वायर किंवा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) गंजलाय. तसंच अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी मायनस. ठाणे-बेलापूर पट्ट्यात पावसाच्या पाण्यातून फिरणाऱ्या गाडीत अर्थिंगवर, म्हणजे या मायनसकडच्या जोडणीवर, माझा पहिला संशय. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागतच नसेल तर फ्यूज, बल्ब तपासा. हे ठीक असेल तरच अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश, रेग्युलेटर (व्होल्ट आवरणारा भाग) उघडा. चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढून तपासणी मात्र कुणालाही करू देऊ नका, अल्टरनेटरमधले डायोड जळतात!